न लिहिलेली ओळ

(ठाणे स्थानक, सकाळचे साडेआठ)

१० नंबर फलाटावर वाशी लोकल लागते आणि दारं भरून जातात. पाठीवर बॅग, गळ्यात आयकार्ड. ऐरोली, रबाळे, घणसोलीला ही गर्दी रिकामी होईल. ट्रान्स हार्बरवर प्रवासी गाड्या धावू लागल्या नोव्हेंबर २००४ मध्ये. त्याआधी सप्टेंबरात जावा या प्रोग्रॅमिंग भाषेची आवृत्ती ५ आली होती, ॲनोटेशन घेऊन, म्हणजे कोडवर @ लावून लिहायची सूचना. मी दोन्हींवर पोट भरतो.

(ऐरोली. स्क्रीनवर ‘तिकीट’ नावाचा क्लास)

क्लास म्हणजे साचा, फील्ड म्हणजे त्यातल्या माहितीच्या जागा. इथे सहा फील्ड. साच्यातून वस्तू घडवणारा कन्स्ट्रक्टर हाताने लिहायचा तर सहा पॅरामीटर, म्हणजे बाहेरून येणाऱ्या सहा किमती, आणि खाली सहा ओळी, ‘धिस डॉट अमुक बरोबर अमुक’. सातवं फील्ड आलं की पुन्हा तीच मजुरी. आता क्लासच्या डोक्यावर एकच ओळ: @ऑलआर्ग्सकन्स्ट्रक्टर. बाकीचं लॉम्बॉक ही जावाची लायब्ररी बघते. बालीपलीकडच्या बेटाचं हे नाव. जावा बेटावरच्या बोलीत लॉम्बॉक म्हणजे मिरची.

सोर्स, म्हणजे आपण लिहिलेला कोड, वाचून त्याचं भाषांतर करणारा कंपायलर आधी कोडचं झाड उभं करतो. लॉम्बॉक त्या झाडातच कन्स्ट्रक्टर बसवून देतं. सोर्स फाइलमध्ये तो कुठेच नसतो. कंपायलरने बनवलेली क्लास फाइल जावापी या साधनाने उघडली की दिसतो.

सोय मोठी आहे. पण मी इथेच पोळलो.

(दोन ओळी जवळून: पासून, पर्यंत)

दोन्ही स्ट्रिंग, म्हणजे नुसता मजकूर, एकाखाली एक. अकारविल्हे लावावं म्हणून मी ‘पर्यंत’ वर घेतलं. लॉम्बॉक पॅरामीटर फील्डच्या क्रमाने लावतं, त्यामुळे कन्स्ट्रक्टरचा क्रमही फिरला. तो बोलावणाऱ्या ओळी मात्र होत्या तशाच, आधी ठाणे, मग ऐरोली. स्ट्रिंगच्या जागी स्ट्रिंग. कंपायलरला हरकत घ्यायला काही नव्हतंच. चाचणीत तिकीट आलं, ऐरोली ते ठाणे. दोन दिवस शोधत होतो, कारण जी ओळ चुकली ती कुणी लिहिलेलीच नव्हती.

सर्व्हिस क्लासवर @रिक्वायर्डआर्ग्सकन्स्ट्रक्टर मी आजही बिनधास्त लावतो. तो फायनल फील्ड उचलतो, म्हणजे एकदा भरली की न बदलणारी, आणि तिथे प्रत्येकाचा टाइप, म्हणजे माहितीचा प्रकार, वेगळा असतो. वस्तू जोडून देणारं स्प्रिंग फ्रेमवर्क टाइप बघूनच वस्तू हातात देतं, क्रम कसाही असो. जावा १६ पासून पक्के झालेले रेकॉर्ड, म्हणजे नुसती माहिती धरणारे क्लास, लॉम्बॉकशिवायच कन्स्ट्रक्टर देतात, पण क्रमाचा धोका त्यांतही आहेच. एकाच टाइपची फील्ड शेजारी आली की मी लॉम्बॉकचाच @बिल्डर घेतो, त्यात प्रत्येक किंमत फील्डच्या नावानेच द्यायची.

(स्क्रीनवर एकेक शब्द उमटतो)

तिकीट डॉट बिल्डर. डॉट पासून, ठाणे. डॉट पर्यंत, ऐरोली. डॉट बिल्ड.