आधी, नंतर आणि मधेच

(दृश्य: अक्कलकोट रोड, यंत्रमागाची शेड. मागांचा खडखडाट.)

सोलापुरी चादरीवर नक्षी उमटते ती जकार्डमुळे. मागाच्या डोक्यावर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांची माळ फिरते. कोणते उभे धागे उचलायचे ते कार्ड ठरवतं, खालून आडवा धागा जातो, पुढचं कार्ड येतं. लाइट गेली की माग जागच्या जागी थांबतो. अर्ध्या तासानं आली, तरी नक्षी बिघडत नाही. माळेला क्रम ठाऊक; किती वाजले याच्याशी तिला देणंघेणं नाही.

संगणकाचं उलटं. बऱ्याच संगणकांत घड्याळ म्हणजे १ जानेवारी १९७० पासून मोजलेले सेकंद. वेळ विचारा, चोख सांगेल. पण शेडमधली बोली ऐका.

"बीम बदलायला घेतलं अन् मधेच लाइट गेली की ओ. लाइट यायच्या आत उरकलं."

"लाइट नव्हती तवा चहाला बसलो. आली तरी आमचा चहा चालूच."

(बीम म्हणजे मागावरचा उभ्या धाग्यांचा रूळ.) या बोलण्यात एकही आकडा नाही. मग सांगा, बीमचं काम संपलं तेव्हा चहा सुरू झाला होता का?

१९८३ साली जेम्स ॲलन या अमेरिकेतल्या संशोधकानं नेमकं हेच गणित मांडलं. क्षण बाजूला ठेवून त्यानं कालावधी धरले. कुठल्याही दोन कालावधींत १३ पैकी एकच नातं असतं: एक आधी संपतो, एक संपताच दुसरा लागतो, एकावर एक चढतो (पहिला संपायच्या आत दुसरा लागतो आणि त्याच्यापुढे चालतो), एक दुसऱ्याच्या पोटात बसतो, वगैरे. दोन नाती जोडून तिसरं काढायचा तक्ताही त्यानं दिला, दोन्ही कालावधी तंतोतंत एकच हे सोपं नातं वगळून १२ गुणिले १२, म्हणजे १४४ घरांचा.

तक्त्यातलं आपलं घर उघडू. बीमवर लाइट नसण्याचा काळ चढलाय, त्यावर चहा. उत्तरं तीन निघतात: बीम आधीच झालं, बीम संपलं आणि चहा लागला, किंवा दोन्ही थोडा वेळ सोबत चाललं. संगणक तिन्ही धरून बसतो, आणि तेच बरोबर आहे. कुणी म्हणालं, "बीम झाल्याबिगर चहाला कोण बसलंच नाही," की तिसरं गळतं.

तीन वाक्यांचं ठीक. पण वाक्यं शेकड्यांनी आली, तर ती एकमेकांशी जुळतात का हे तपासणं भलतंच जड जातं. व्हिलेन आणि कौट्झ या संशोधकांनी १९८६ मध्ये ते सिद्ध केलं. १३ नात्यांचे 'हे किंवा ते' असे ८,१९२ गट पडतात. त्यातले ठरावीक ८६८च वापरले तर हे तपासायचं काम झटपट होतं, हे नेबेल आणि ब्युर्कर्ट यांनी १९९५ मध्ये दाखवलं. आपले चहाचे तीन पर्याय त्या ८६८ मध्ये बसतात.

(दृश्य: दोन माग बंद. जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, एकच.)

याचं काम त्याच्या आधी, नाहीतर त्याच्या नंतर. दोन्ही एकदम नाही. ऐकायला किती साधं! पण हा 'नाहीतर' त्या ८६८ मध्ये येत नाही.