नॉटिंगहॅमचा गिरणीवाला: जॉर्ज ग्रीन

मंडळी, नमस्कार. ज्या माणसाबद्दल आज बोलायचंय त्याचं एकही चित्र मी तुम्हाला दाखवू शकत नाही, कारण ते कुठेच नाहीये. नाव मात्र तुमच्या ओळखीचं आहे. इंजिनिअरिंगच्या एम-थ्रीच्या, म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपरात ग्रीन्स थिअरम लिहून आलेले इथे बरेच जण असतील, फिजिक्सवाल्यांनी ग्रीन्स फंक्शनशी झटापट केलेली असेल, आणि तरी हा ग्रीन कोण असं विचारलं तर बहुतेक जण गप्प बसतात. तो पीठगिरणीवाला होता. खरोखरची गिरणी, वाऱ्यावर चालणारी.

जॉर्ज ग्रीनचा जन्म 1793 चा, इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमचा. वडील बेकर, तेही जॉर्जच. तो काळ महागाईचा आणि धान्याच्या टंचाईचा, पावाच्या भावावरून दंगली व्हायच्या, 1800 च्या दंगलीत ग्रीनच्या बेकरीवर पण जमाव चालून आला होता. पोराला आठव्या वर्षी रॉबर्ट गुडएकर नावाच्या मास्तरांच्या शाळेत घातलं, तिथे तो चार टर्म शिकला आणि मग शाळा बंद, बेकरीत कामाला. पुढची तीसेक वर्षं त्याने कुठल्या वर्गात पाय ठेवला नाही. 1807 च्या सुमारास वडिलांनी शेजारच्या स्नेंटन गावच्या टेकडीवर विटांची उंच पवनचक्की बांधली आणि जॉर्ज तिथे राबायला लागला. ही गिरणी अजून उभी आहे बरं का, 1947 मध्ये आग लागली होती पण नंतर दुरुस्ती झाली आणि 1986 पासून तिथे परत पीठ दळायला लागले.

आता खरा प्रश्न. अशा माणसाकडे लाप्लास आणि प्वासाँ या फ्रेंच गणित्यांचं गणित आलं कुठून? कारण त्या वेळी खुद्द इंग्लंडचंच गणित मागे पडलं होतं, केंब्रिजची मंडळी कॅलक्युलस लिहायच्या न्यूटनच्या टिंबांच्या पद्धतीला कितीतरी वर्षं चिकटून बसलेली आणि तिकडे फ्रान्समध्ये लाइबनित्सच्या पद्धतीने लाप्लास, लाग्रांज, प्वासाँ कुठल्या कुठे पोचलेले. पण नॉटिंगहॅमच्या ग्रामर स्कूलचे हेडमास्तर जॉन टॉप्लिस फ्रेंच गणिताचे चाहते होते, लाप्लासच्या खगोलयांत्रिकीवरच्या ग्रंथाच्या पहिल्या भागाचं इंग्लिश भाषांतर त्यांनी 1814 मध्ये नॉटिंगहॅममध्येच छापलं. त्यांनी ग्रीनला शिकवलं असावं असा अभ्यासकांचा अंदाज आहे, आणि मला तो पटतो, कारण त्या गावात हे गणित समजणारा दुसरा माणूस दाखवा. 1823 मध्ये ग्रीन ब्रॉमली हाऊसच्या सबस्क्रिप्शन लायब्ररीचा मेंबर झाला. तिथे परदेशातल्या शोधनिबंधांची माहिती देणारी लंडनची नियतकालिकं यायची. म्हणून ‘एकटा, स्वयंभू जीनियस’ अशी जी त्याची गोष्ट सांगतात ना, ती मला अपुरी वाटते. वर्गणी भरून चालवलेली एक गावची लायब्ररी त्या गोष्टीत नसेल तर गोष्टच उभी राहत नाही.

आणि मग 1828 चा मार्च. ग्रीन 34 वर्षांचा. ‘विद्युत आणि चुंबकत्वाच्या सिद्धांतांना गणिती विश्लेषण कसं लावावं’ अशा विषयावरचा निबंध त्याने स्वतः नॉटिंगहॅममध्ये छापून घेतला. कुठल्या जर्नलला पाठवला नाही. किंमत साडेसात शिलिंग, आगाऊ नाव नोंदवणारे 51 जण, त्यातले बरेचसे लायब्ररीचेच मेंबर, म्हणजे ओळखीपाळखीचे सज्जन लोक, त्यांच्यातल्या किती जणांना आतलं पान समजलं असेल? प्रस्तावनेत त्याने लिहिलंय की लेखक तरुण आहे, पोटापाण्याच्या उद्योगातून अभ्यासाला फार थोडी सवड मिळाली, तेव्हा वाचकांनी सांभाळून घ्यावं. एवढं मोठं काम करून ही विनंती! मला ते वाचताना दरवेळी वाईट वाटतं.

निबंधात आहे काय? थोडक्यात सांगतो, घाबरू नका. विद्युत बल प्रत्येक बिंदूपाशी वेगळं, त्याला दिशा पण असते, म्हणजे तीन तीन आकडे सांभाळायचे. सगळा हिशोब एकाच आकड्यावर आणणारं फंक्शन लाप्लास-प्वासाँकडे आधीच होतं, ग्रीनने त्यावरच सगळं उभं केलं आणि त्याला नाव दिलं पोटेन्शियल, आज आपण व्होल्टेज म्हणतो ते हेच. मग त्याने दाखवलं की एखाद्या बंद जागेच्या आत काय चाललंय त्याचा हिशोब आणि तिच्या पृष्ठभागावर काय चाललंय त्याचा हिशोब हे एकमेकांना पक्के बांधलेले असतात. (आपण परीक्षेत जे सपाटीवरचं, कडेकडेने फिरणारं ग्रीन्स थिअरम लिहितो ते त्या रूपात निबंधात नाहीये, ते 1846 मध्ये कोशी या फ्रेंच गणित्याने मांडलं, ग्रीनचं मूळ तीन मितींमधलं आहे.) आणि तिसरी गोष्ट, माझ्या मते सगळ्यात मोठी. धातूचं बंद कवच घ्या, जमिनीला जोडलेलं, आत एकाच बिंदूवर एक युनिट चार्ज ठेवा. या एका साध्या केसचं उत्तर काढलं की झालं, कारण आत कितीही आणि कसाही चार्ज पसरलेला असला तरी तो अशा बिंदूंचाच बनलेला, मग प्रत्येक बिंदूचं उत्तर त्याच्या त्याच्या वजनाने घ्यायचं आणि बेरीज करायची. त्या एका बिंदूच्या उत्तराला आज जग ग्रीन्स फंक्शन म्हणतं. भूकंपाच्या लाटा, वेव्हगाइडमधले (म्हणजे लाटा वाहून नेणाऱ्या धातूच्या नळीतले) मायक्रोवेव्ह, इलेक्ट्रॉन आणि प्रकाशाचं क्वांटम गणित, सगळीकडे हीच युक्ती चालते.

आणि निबंध छापल्यावर झालं काय, तर काहीच नाही. एकच माणूस पुढे आला, सर एडवर्ड ब्रॉमहेड, शेजारच्या लिंकनशरमधले जमीनदार, केंब्रिजमध्ये बॅबेज आणि हर्शेल या गणित्यांच्या बरोबरीने फ्रेंच गणितासाठी भांडलेले. त्यांनी निबंध घेतला, वाचला आणि ग्रीनला पत्र टाकलं की पुढचं काही लिहिलंत तर मी ते मोठ्या वैज्ञानिक सोसायट्यांकडे पोचवतो. कुणीतरी ग्रीनला सांगितलं की मोठी माणसं शिष्टाचार म्हणून असं लिहितात, उत्तर द्यायचं नसतं! आणि याने ते ऐकलं, जवळजवळ दोन वर्षं उत्तरच दिलं नाही. 1830 च्या जानेवारीत गैरसमज दूर झाला तेव्हा अगदी ओशाळून पत्र लिहिलं. ब्रॉमहेड रागावले नाहीत, हे मला त्यांचं फार मोठेपण वाटतं, त्यांनी ग्रीनचे तीन पेपर केंब्रिज आणि एडिंबराच्या सोसायट्यांकडे पोचवले.

दरम्यान 1829 मध्ये वडील गेले, इस्टेट हातात आली, आणि 1833 मध्ये चाळिशीचा ग्रीन केंब्रिजच्या कीज कॉलेजात, ब्रॉमहेडच्याच कॉलेजात, फर्स्ट इयरला दाखल झाला, आजूबाजूला अठरा-वीस वर्षांची पोरं. 1837 च्या ट्रायपॉसमध्ये, म्हणजे केंब्रिजच्या गणिताच्या पदवी परीक्षेत तो चौथा आला, त्याच वर्षी पुढे नामांकित गणिती झालेला सिल्व्हेस्टर दुसरा होता. नंतरच्या दोन-तीन वर्षांत प्रकाश, ध्वनी, पाण्याच्या लाटा यांवर पेपर आले. त्यातला उथळ कालव्यातल्या लाटांचा नियम बघा, खोली कमी होत गेली की लाटेची उंची खोलीच्या चौथ्या मुळाच्या (वर्गमुळाच्या वर्गमुळाच्या) व्यस्त प्रमाणात वाढते. म्हणजे 4000 मीटर खोल समुद्रातली लाट 250 मीटर खोलीवर आली की खोली 16 पट कमी, उंची दुप्पट. त्सुनामीचा पहिला अंदाज बांधायला हा नियम आजही वापरतात.

1839 मध्ये त्याला कॉलेजची फेलोशिप, म्हणजे तिथली मानाची जागा मिळाली. पण तब्येत ढासळली, 1840 मध्ये तो नॉटिंगहॅमला परत आला आणि 31 मे 1841 ला गेला, वय 47. गावच्या पेपरात छोटीशी बातमी आली, त्यात एवढंच होतं की आणखी जगला असता तर तो मोठा गणिती झाला असता.

निबंध विस्मरणातून वाचला तो विल्यम थॉमसनमुळे, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन. रॉबर्ट मर्फी या गणित्याच्या एका पेपरात त्याने ग्रीनचा उल्लेख बघितला होता, पण निबंधाची प्रत काही मिळेना. 1845 च्या जानेवारीत, वीस वर्षांचा थॉमसन पॅरिसला निघायच्या बेतात असताना त्याचे केंब्रिजचे कोच, म्हणजे परीक्षेची तयारी करून घेणारे शिक्षक, हॉपकिन्स यांच्याकडे सहज विषय निघाला, तर त्यांच्याकडेच प्रती! इतके दिवस तिथेच पडून होत्या. थॉमसनने त्या पॅरिसला नेल्या, लिऊव्हिल आणि स्टुर्म या तिथल्या गणित्यांना दाखवल्या, आणि तिथे खळबळ उडाली, कारण जर्मन गणिती गाउसने आणि फ्रेंच गणित्यांनी नंतर स्वतंत्रपणे काढलेल्या गोष्टी या गिरणीवाल्याने आधीच लिहून ठेवल्या होत्या. मग 1850 ते 1854 मध्ये बर्लिनच्या क्रेलेच्या गणिताच्या जर्नलात निबंध तीन भागांत छापून आला, म्हणजे लेखक जाऊन नऊ वर्षं झाल्यावर. जन्माला 200 वर्षं झाली तेव्हा, 1993 मध्ये, वेस्टमिन्स्टर ॲबीत न्यूटनजवळ त्याच्या नावाची फरशी बसवली आणि नोबेलवाले भौतिकशास्त्रज्ञ ज्युलियन श्विंगर नॉटिंगहॅमला येऊन आपल्या कामावर ग्रीनचं ऋण किती आहे ते सांगून गेले.

आता मागून एका ताईंनी चिठ्ठी पाठवलीय, त्याच्या घरच्यांबद्दल विचारलंय. बरं झालं विचारलंत. गिरणीच्या मॅनेजरची मुलगी जेन स्मिथ, तिच्यापासून त्याला सात मुलं झाली, पहिलं 1824 मध्ये, शेवटचं 1840 मध्ये, पण लग्न त्यांनी केलं नाही. केंब्रिजच्या फेलोला लग्न करायची मुभा नव्हती हे खरं, पण तेवढ्याने उत्तर मिळत नाही, 1824 मध्ये फेलोशिपचा विचार कुणाच्या मनात असणार? वडिलांचा विरोध होता असं सांगतात. निबंध लिहिला गेला त्या सगळ्या वर्षांत जेन होती, शेवटच्या आजारातही तो स्नेंटनलाच आला, आणि 1840 च्या मृत्युपत्रात त्याने तिची आणि मुलांची सोय करून ठेवली. त्यांची मुलगी क्लारा 1919 पर्यंत जगली, म्हणजे वडिलांचं नाव युरोपभर झालेलं तिच्या हयातीतलं आहे.