कुत्रं आणण्याआधी आपल्या घराकडे बघा

नमस्कार. पशुवैद्यक म्हणून काम करताना मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न आहे, "डॉक्टर, घरी पाळायला कुठली जात चांगली?" त्यावर मी आधी एकच गोष्ट विचारते. सकाळी सहा वाजता, बाहेर पाऊस कोसळत असताना, पट्टा कोणाच्या हातात असणार आहे? मग घरातली मोठी माणसं एकमेकांकडे बघतात आणि मुलं ओरडतात, "आम्ही नेणार!" मुलं हे अगदी मनापासून म्हणतात. पण कुत्रं दहा-बारा वर्षं जगतं, लहान चणीचं असेल तर पंधराही. आज दहा वर्षांचा असलेला तुमचा मुलगा तोवर शिकायला घराबाहेर पडलेला असेल. तेव्हा हट्ट मुलांचा असला तरी जबाबदारी मोठ्यांचीच असते. घरातल्या एका तरी मोठ्या माणसाला कुत्रं स्वतःसाठी हवं असेल, तरच पुढचं बोलण्यात अर्थ आहे.

आता जातीकडे वळू. एखाद्या जातीचं चित्र बघून तिच्या प्रेमात पडण्याआधी एवढं शोधा, की माणसानं ही जात कशासाठी घडवली? आज घरात दिसणाऱ्या बहुतेक जाती कुठल्यातरी कामासाठी तयार झाल्या. काम संपलं, पण पिढ्यान्‌पिढ्या मुरवलेली ओढ रक्तात राहिली.

बॉर्डर कॉली घ्या. इंग्लंड आणि स्कॉटलंडच्या सीमेवरच्या डोंगराळ मुलखात मेंढ्या वळणारं हे कुत्रं. आजच्या बॉर्डर कॉलींची वंशावळ मागे मागे नेली, तर ती 1893 मध्ये जन्मलेल्या 'ओल्ड हेम्प' नावाच्या एका कुत्र्यापाशी पोचते. तो न भुंकता, नुसत्या नजरेनं मेंढ्या हलवायचा. दिवसभर धावायचं, मेंढपाळाच्या शिट्टीवर लक्ष ठेवायचं आणि स्वतःच्या डोक्यानं निर्णयही घ्यायचे, असं हे काम. एकदा एक आई असा कुत्रा माझ्याकडे घेऊन आली. मुलं धावायला लागली की तो त्यांच्याभोवती गोल फिरायचा आणि घोट्यांना हलकेच दात लावायचा. "हा चावरा निघाला," असं म्हणताना तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी त्याला अर्धा तास बघितलं. तो कळप वळत होता. मेंढ्या नव्हत्या, म्हणून मुलं वळत होता. घरातली सगळी माणसं दिवसभर बाहेर, त्याला फिरणं मिळायचं वीस मिनिटं, आणि डोक्याला काम शून्य. पुढे तो एका अशा माणसाकडे गेला, जो रोज दोन तास त्याच्याबरोबर धावायचा. तिथे त्याची तक्रार म्हणून कधी आली नाही. पण त्या मुलांनी तो जाताना जे रडू केलं, ते मला अजून आठवतं. असं रडू टाळता यावं, म्हणून आज मी इथे उभी आहे.

बीगल दिसायला खेळण्यासारखा, आकारानं आटोपशीर, मुलांशी गोड. पण तो टोळीनं सशांचा माग काढणारा शिकारी आहे. टोळीत राहायची सवय, त्यामुळे एकटेपणा सोसत नाही. आणि माग लागला की लांबवर ऐकू जाईल असा आवाज काढायचा, हे त्याचं कामच होतं. दिवसभर बंद घरात एकटा ठेवलात, तर शेजारी तुमच्या दारात येतील आणि त्यात चूक बीगलची नसेल. टेरियर जमिनीत घुसून उंदीर-घुशींना हुसकायला तयार झाले, तेव्हा बागेतले वाफे उकरले म्हणून त्यांना रागावण्यात अर्थ नाही.

हस्कीबद्दल मला जरा जास्त बोलायचंय, कारण निळ्या डोळ्यांवर भाळून तो घरी आणणारे खूप आहेत. सायबेरियातल्या चुकची लोकांनी बर्फावरून घसरगाड्या ओढायला ही कुत्री जोपासली. 1925 मध्ये अलास्कातल्या नोम गावात घटसर्पाची साथ आली, तेव्हा घसरगाड्यांच्या कुत्र्यांनी टप्प्याटप्प्यानं हजार किलोमीटरहून जास्त अंतर कापून साडेपाच दिवसांत त्यावरचं औषध पोचवलं. त्या कुत्र्यांतले टोगो आणि बाल्टो आजही लोकांच्या स्मरणात आहेत. ही ताकद आणि ही दुहेरी लोकर घेऊन तुमचा हस्की दिवाणखान्यात बसणार आहे. गरम हवेत त्याचे हाल होतात. कुंपण ओलांडून पळणं त्याला सहज जमतं, आणि एकदा पळाला की हाक मारून परतेलच याची खात्री नाही.

याच्या उलट ग्रेहाउंड. ताशी सत्तर किलोमीटरच्या आसपास धावणारं हे जनावर घरात शिरलं की तासन्‌तास झोपतं, कारण पळत्या सशामागे क्षणभर झेप घ्यायची, हे त्याचं काम होतं. शांत घराला तो छान रुळतो. फक्त घरात मांजर असेल तर आधी नीट पारखून घ्या.

आणि लॅब्रेडॉर? हो, कुटुंबासाठी मी हे नाव घेते. शिकार केलेला पक्षी दात न रुतवता उचलून आणायचा आणि माणसाच्या हाती द्यायचा, हे त्याचं काम. त्यामुळे माणसासोबत काम करण्यात त्याला आनंद वाटतो. पण पहिली दोन वर्षं तो वादळासारखा असतो. शिवाय तो सतत भुकेला का असतो, याचं एक उत्तर 2016 मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी दिलं. साधारण दर चार लॅब्रेडॉरमागे एकाच्या 'पीओएमसी' या जनुकात एक बारीकसा तुकडा गहाळ असतो, आणि अशा कुत्र्यांची खाण्याची ओढ जास्त असते. घरातला प्रत्येक जण ताटातला घास टाकणारा असेल, तर लॅब्रेडॉर लठ्ठ होतो, आणि मग सांधे धरलेला तो माझ्याकडे येतो.

इथे कोणी म्हणेल, मग सगळं जातीवरच ठरतं का? नाही. 2022 मध्ये अमेरिकेत अठरा हजारांहून जास्त कुत्र्यांच्या मालकांकडून माहिती घेऊन एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. एका कुत्र्याचं वागणं दुसऱ्यापेक्षा वेगळं का, यातला फक्त 9 टक्के भाग जातीवरून सांगता आला. माणसाचं ऐकण्याची तयारी जातीशी त्यातल्या त्यात जास्त जोडलेली निघाली. कुत्रं किती पटकन बिथरतं, याचा मात्र जातीशी जवळजवळ संबंध दिसला नाही. म्हणून जातीचा इतिहास बघून यादी आखडती करा, आणि निवड करताना समोरचं कुत्रं बघा.

तब्येतीबद्दल माझं मत मी लपवत नाही. पग, फ्रेंच बुलडॉग अशी चपट्या तोंडाची कुत्री घेऊ नका, असंच मी सांगते. "किती गोड घोरतो" असं लोक म्हणतात, तेव्हा मला त्याच्या आखूड नाकात अडकलेला श्वास ऐकू येतो. कुत्रं धापा टाकून अंग थंड करतं. ज्याला धापही नीट टाकता येत नाही, त्याला उकाड्यात जिवाचा धोका असतो. डॅक्सहुंडचा लांब कणाही असाच जपावा लागतो. त्याला सोफ्यावरून उड्या मारू देऊ नका.

घरात कोणाला ॲलर्जी असेल, तर "केस न गळणारी जात" या शब्दांवर विसंबू नका. ॲलर्जी लाळेतल्या आणि कातडीच्या कोंड्यातल्या प्रथिनांची असते. ऑस्ट्रेलियात 1989 मध्ये अंधांना वाट दाखवणाऱ्या कुत्र्यांच्या संस्थेतल्या वॉली कॉनरन यांनी लॅब्रेडॉर आणि पूडल यांचा संकर केला. तो एका अंध बाईंसाठी होता, कारण त्यांच्या नवऱ्याला कुत्र्याची ॲलर्जी होती. एकाच वेताच्या तीन पिल्लांपैकी एकच त्या नवऱ्याला सोसलं. पुढे या संकराचं पेव फुटलं, तेव्हा कॉनरन यांनीच जाहीरपणे खंत व्यक्त केली. त्यामुळे जो कुत्रा आणायचा, त्याच्याच सहवासात आधी काही तास घालवा. पूडलचे केस कमी गळतात हे खरं, पण ते रोज विंचरावे लागतात आणि दीड-दोन महिन्यांनी कापावे लागतात.

लहान मुलं असलेल्यांनी हे नीट ऐका. मुलांना चावणारं कुत्रं बहुतेक वेळा ओळखीचंच असतं, अनेकदा घरातलंच. ते चावण्याआधी बरंच काही सांगतं. मान वळवतं, ओठ चाटतं, जांभया देतं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसेल असं तिरकं बघतं, मग गुरगुरतं. गुरगुरल्याबद्दल त्याला मारू नका. ती सूचना बंद झाली, तर पुढच्या वेळी थेट दात लागतील. पाच-सहा वर्षांखालचं मूल आणि कुत्रं, मग ते कितीही शहाणं असो, खोलीत दोघांनाच सोडून जायचं नाही. कुत्रं जेवत असताना किंवा झोपलेलं असताना तर मुळीच नाही.

शेवटी, पिल्लूच हवं असा हट्ट धरू नका. तीन-चार वर्षांच्या कुत्र्याचा आकार, आवाज, मुलांशी वागणं सगळं समोर दिसतं. आश्रयगृहातल्या मिश्र जातीच्या कुत्र्यांत घराला साजेशी कितीतरी सापडतात. तिथल्या सेवकाला विचारा, कारण कुत्र्याला रोज खायला घालणाऱ्या माणसाला ते सगळ्यात जास्त कळलेलं असतं. आणि पिल्लूच घ्यायचं ठरलं, तर ते आठ आठवड्यांचं होईपर्यंत आईजवळ राहू द्या. तिसऱ्या ते साधारण चौदाव्या आठवड्यापर्यंत ते जे बघतं, ऐकतं, त्याची भीती त्याला पुढे कमी वाटते. म्हणून विचारा, की मुलं, मिक्सरचा आवाज, अनोळखी माणसं त्यानं अनुभवली आहेत का. आणि विकणाऱ्याला म्हणा, आधी आई दाखवा. ती दाखवायला तो टाळाटाळ करत असेल, तर पिल्लू कितीही लोभस असलं तरी तिथून परत या. दाखवली, तर जमिनीवर बसा, हात पुढे करू नका, आणि ती आपणहून जवळ येते का ते बघा.