लोकरी माव्याच्या थरातला मायक्रोमस

उसाचं पान उलटं केलं की मधल्या शिरेला लागून हा पांढरा थर दिसतो, कापूस चिकटवल्यासारखा. हा लोकरी मावा, उसाचा रस शोषणारी कीड. २००२ मध्ये सांगली भागात तो दिसला आणि पाठोपाठ कर्नाटकातही. खालच्या पानावर जी काळी बुरशी दिसतेय, ती त्याच्या चिकट स्रावावर वाढलेली.

आता थराच्या कडेला बघा. काहीतरी हलतंय.

दोन्ही टोकांना निमुळती, तपकिरी पट्ट्यांची ही अळी मायक्रोमस इगोरोटस या मावा खाणाऱ्या मित्रकीटकाची. चालताना डोकं सारखं डावीकडे-उजवीकडे फिरवते. वाटेत मावा लागला की संपला! पुढचे वाकडे जबडे आतून पोकळ आहेत. त्यांतून ती पाचक रस माव्याच्या अंगात सोडते आणि विरघळलेलं सगळं ओढून घेते. मागे राहतं ते फक्त सुरकुतलेलं कातडं.

बरेच जण हिला क्रायसोपाच (म्हणजे क्रायसोपर्ला, मावा खाणाऱ्या अळ्यांचा दुसरा मित्रकीटक) समजतात. क्रायसोपाच्या अळीच्या दोन्ही कुशींना गाठी असतात, त्यांवर केसांचे झुपके. हिचं अंग गुळगुळीत. अंड्यांत तर चुकायला जागाच नाही. क्रायसोपाचं अंडं बारीक देठावर उभं असतं. हे बघा, मायक्रोमसचं. देठ नाही, थेट पानावर आडवं.

अळी दोनदा कात टाकते आणि मग कोष विणायला घेते. रेशीम तोंडातून येत नाही, शेपटाच्या टोकातून येतं. म्हणून तर शेपूट असं इकडून तिकडे फिरतंय. वीण इतकी विरळ, की आतला कोषस्थ जीव बाहेरून दिसतो. आणखी एक गंमत: अळीच्या आतड्याची मागची वाट बंद असते. एवढा मावा खाल्ला, त्याचा मळ बाहेर पडतो तो थेट पंख फुटल्यावर.

हा प्रौढ. तपकिरी, पंख अंगावर दोन्ही बाजूंना उतरते मिटलेले, शिरांवर बारीक केस, मिशा मण्यामण्यांच्या. जरा धक्का लागला की पाय आवळून खाली पडतो आणि मेल्याचं सोंग घेतो.

क्रायसोपाचे (क्रायसोपर्लाचे) प्रौढ पराग आणि गोड स्रावावर जगतात. मायक्रोमस पंख आल्यावरही मावाच खातो. अंड्यापासून इथवर जेमतेम तीन आठवडे, आणि लगेच पुढची पिढी त्याच पानावर.

माव्याने ऊस पोसत नाही, साखरेचा उतारा घटतो. हे शेतकऱ्याला सांगायला नको. पण पंप पाठीवर घेण्याआधी चार पानं उलटून बघावीत. अशा अळ्या, असे कोष असतील, तर औषधाने मावा मरेल तसे हेही मरतील. शिफारस हेक्टरी २५०० अळ्या सोडण्याची आहे. त्या विकतच आणायला हव्यात असं नाही. ज्या फडात मायक्रोमस आहे, तिथली अळ्या-कोषांची पानं कापायची आणि मावा पडलेल्या फडातल्या पानांना टाचायची. पुढचं काम अळी करते.