गोठ्यातलं म्युझियम: पिंगुळीची चित्रकथी

(दृश्य: कागदावर ब्रश, अगदी जवळून)

हा डोळा बघा. चेहरा एका बाजूने काढलेला, नाक टोकदार, आणि डोळा मात्र समोरून दिसावा तसा अख्खा, चांगला मोठा. भोवती काळी रेघ एका दमात ओढलीय, कुठे हात थांबलेला नाही. पिंगुळीचं चित्र ओळखायचं ते या डोळ्यावरून, मग तो रावण असो की सीता.

(दृश्य: लाल मातीचा रस्ता, माड, कौलारू घर)

पिंगुळी म्हणजे सिंधुदुर्गात कुडाळच्या अगदी बाजूचं गाव. मुंबई-गोवा हायवेवरून दरवर्षी लाखो गाड्या इथून सुसाट गोव्याला जातात, त्यातल्या किती इथे वळतात हा प्रश्न मला दरवेळी पडतो, कारण हायवे सोडल्यावर थोड्याच वेळात तुम्ही या अंगणात पोचता. याचं नाव ठाकर आदिवासी कला आंगण. इथल्या ठाकर या आदिवासी समाजातले कलाकार परशुराम गंगावणे यांनी घरातल्या गुरांच्या गोठ्यात हे म्युझियम सुरू केलं. हो, गोठ्यातच. 2021 साली त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा बऱ्याच जणांनी पिंगुळी हे नाव पहिल्यांदा ऐकलं.

(दृश्य: आत टांगलेल्या बाहुल्या, भिंतीवरची चित्रं)

आत शिरलं की आधी बाहुल्याच दिसतात. लाकडाच्या, दोऱ्यांवर नाचणाऱ्या, या कळसूत्री. ज्ञानेश्वरीत सायखडे असा शब्द येतो तो अशाच दोरीवरच्या बाहुल्यांसाठी, म्हणजे हा खेळ किती जुना ते बघा. आणि त्या बाजूला चपट्या, काळपट दिसतायत त्या चामड्याच्या. हातात घेऊन नुसत्या बघितल्या तर काहीच कळत नाही. चामडं घासून घासून इतकं पातळ करायचं की त्यातून उजेड आरपार गेला पाहिजे, मग आकार कापायचा, रंग द्यायचा आणि दागिने, मुकुट, कपड्यांची किनार जिथे असेल तिथे बारीक बारीक भोकं पाडायची. एकेक भोक हाताने.

(दृश्य: पांढरा पडदा, मागे दिवा, सावली हलते)

आणि आता दिवा लागला. तीच बाहुली, तीच भोकं.

(इथे चार-पाच सेकंद काही बोलायचं नाही)

पण मी तुम्हाला इथे आणलं ते मुख्य चित्रकथीसाठी, म्हणजे चित्रं दाखवत, गात गात कथा सांगायच्या कलेसाठी. चित्रांचा गठ्ठा दिसतोय ना, त्याला इथे पोथी म्हणतात. एक पोथी म्हणजे एक आख्यान, रामायणातलं नाहीतर महाभारतातलं, आणि एकेका पोथीत तीस-चाळीस चित्रं सहज असतात. चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात, त्यामागे साधा हिशोब आहे. चित्र पाटाला टेकवून उभं करायचं, सांगणारा गात गात प्रसंग सांगतो, साथीला वीणा, टाळ आणि हुडुक, हुडुक म्हणजे डमरूसारखं दिसणारं वाद्य. प्रसंग संपला की चित्र उलटायचं, पाठीमागे पुढचा प्रसंग तयारच. बाण सुटलेला असतो या बाजूला आणि लागतो त्या बाजूला, मधे फक्त गाणं असतं.

म्हणून मला शहरात फ्रेम करून लावलेली चित्रकथी बघितली की चुकल्यासारखं वाटतं. चित्र सुंदरच असतं, वाद नाही. पण ते अर्धं आहे, उरलेलं अर्धं सांगणाऱ्याच्या गळ्यात आहे. बाराव्या शतकातल्या मानसोल्लास ग्रंथातही चित्रकथक म्हटलंय ते चित्रं दाखवून कथा सांगणाऱ्यालाच, नुसतं काढणाऱ्याला नाही.

(दृश्य: जुन्या पोथीची पानं, कडा झिजलेल्या)

या जुन्या पोथ्यांचे रंग बघा, दगड, माती, पाला यांच्यापासून केलेले. याच शैलीची खूप चित्रं पैठणला मिळाली म्हणून बराच काळ लोक यांना पैठणची चित्रं म्हणायचे, पिंगुळीचं नाव मागेच राहिलं. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातही चित्रकथी आहेत, तिथे जाल तेव्हा हा डोळा शोधा. इथली ठाकर मंडळी पोथी देवासारखी जपतात, जीर्ण झाली तर फेकत नाहीत, पाण्यात सोडतात.

सावंतवाडीच्या भोसले राजघराण्याने या कलेला आधार दिला, कुठल्या घराने कुठल्या देवळात सांगायचं हेही ठरलेलं असायचं. शिवरायांच्या काळात गावोगाव फिरणारे ठाकर कलाकार हेरगिरीही करायचे असं इथे आजही सांगतात. पुढे टीव्ही आला, मोबाईल आला, मुलं नोकरीसाठी बाहेर पडली आणि गाणारी घरं थोडी उरली.

(दृश्य: लहान मुलगी दोरी धरून बाहुली नाचवते, हसते)

आता कधी यायचं ते सांगते. म्युझियम बघायला तुम्ही एरवीही येऊ शकता, पण चित्रकथीचा खरा मोसम नवरात्र. तेव्हा ती देवळात होते, देवासमोर, ठरलेल्या मानाप्रमाणे. देवळातला भाग या व्हिडिओत नाहीये, तो तिथे बसूनच ऐका. नवरात्र हुकलं तर कार्तिकात या, तेव्हा गावोगावच्या जत्रा सुरू होतात आणि त्याबरोबर दशावतार, म्हणजे रात्रभर चालणारं इथलं लोकनाट्य. आधी गणपती, मग संकासुर, मग आख्यान, आणि पायपेटी, मृदंग, झांज यांच्यावर रात्र कधी सरते कळत नाही. स्त्रीच्या भूमिका पुरुषच करतात आणि अशा करतात की लुगड्याचा पदर सावरण्याकडेच बघत राहावं.

एक दिवस जास्त काढा आणि सावंतवाडीला जा. राजवाड्यात गंजिफा बघा, हाताने रंगवलेले गोल पत्ते, दशावतारी गंजिफात दहा अवतार आणि प्रत्येकाचे 12, असे 120. चितारआळीत लाकडी खेळणी मिळतात. आणि पिंगुळीला याल तेव्हा घाईत फोटो काढून निघू नका प्लीज, जरा बसा, एखादा प्रसंग सांगाल का म्हणून विचारा, आणि जमलं तर एखादं चित्र विकत घ्या, विकत घेताना त्यातली गोष्ट कुठली तेही विचारून घ्या.

(दृश्य: पाट मांडला जातो, पोथी उघडली जाते, पहिलं चित्र गणपतीचं)

पोथी उघडली. आता मी थांबते, हुडुक ऐका.