बटेराची अंडी: ताटात किती आणि कशी?

नमस्कार श्रोतेहो. आज बटेराच्या, म्हणजे लाव्ह्याच्या जातीतल्या एका छोट्या पक्ष्याच्या, अंड्यांविषयी बोलायचं आहे. मोठ्या दुकानांत कोंबडीच्या अंड्यांशेजारी छोट्या प्लास्टिकच्या डब्यात ती दिसतात. तपकिरी ठिपक्यांची, मोठ्या बोराएवढी. तब्येतीला फार चांगली, असं कुणीतरी सांगितलेलं असतं आणि आपण डबा उचलतो. ती किती चांगली आणि कशासाठी चांगली, त्याचा हिशेब मांडू या.

आधी एक खुलासा. ही अंडी रानातल्या लाव्ह्यांची नव्हेत. गवतातून, शेताच्या बांधावरून भुर्रकन उडणारे आपले लावे वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत. त्यांना धरू नये, त्यांच्या घरट्यांना हात लावू नये. बाजारात येतात ती पाळीव जपानी बटेराची अंडी. हा पक्षी १९७४ साली कॅलिफोर्नियाहून बरेलीजवळच्या इज्जतनगरला आणला गेला आणि तिथल्या संशोधनातून आपल्याकडे बटेरपालन रुजलं. सतरा-अठरा दिवसांत पिल्लू बाहेर येतं आणि सहा-सात आठवड्यांची झाली की मादी अंडी द्यायला लागते. कोंबडीला त्यासाठी साडेचार-पाच महिने लागतात. थोड्या जागेत जोडधंदा करणाऱ्याला हा पक्षी का परवडतो, ते यावरून कळेल.

आता पोषण. बटेराचं एक अंडं दहा ग्रॅमच्या आसपास भरतं. म्हणजे पाच अंडी घेतली तर कोंबडीच्या एका अंड्याएवढी होतात. तुलना करायची ती नगावर नको, वजनावर करा. शंभर ग्रॅमला प्रथिनं दोन्हींत जवळजवळ सारखीच, साडेबारा-तेरा ग्रॅम. लोह मात्र बटेराच्या अंड्यात दुप्पट, साडेतीन मिलीग्रॅमच्या वर. बी-१२ हे जीवनसत्त्वसुद्धा दुप्पटीच्या जवळ जातं. मांस-मासे क्वचित खाणाऱ्या घरांत या बी-१२ ला मोल आहे. पण लोहाच्या बाबतीत फार आशा धरू नका. आपल्याकडच्या बाईला दिवसाला २९ मिलीग्रॅम लोह लागतं आणि पाच अंड्यांतून मिळतं जेमतेम पावणेदोन. तेव्हा रक्त कमी आहे म्हणून डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या थांबवून अंड्यांवर विसंबणाऱ्या बायकांची मला खरोखर काळजी वाटते. कोलेस्टेरॉलही वजनाच्या मानाने दुपटीहून जास्त आहे. हृदयविकार किंवा मधुमेह असेल त्यांनी रोज किती खावीत, हे आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

आणि दमा, मधुमेह, ॲलर्जी यांवर ही अंडी औषध आहेत, असा जो प्रचार चालतो, तो कृपा करून मनावर घेऊ नका. त्यातला ॲलर्जीचा दावा तर धोक्याचा आहे. कोंबडीच्या अंड्याने ज्या मुलाच्या अंगावर पित्त उठतं, त्याला बटेराचं चालेलच असं नाही. ज्या प्रथिनांचा त्रास होतो, तशीच प्रथिनं यातही असतात. घरी प्रयोग करू नका. तीच गोष्ट सकाळी कच्ची अंडी पिण्याची. साल्मोनेलाचे जंतू बटेराच्या अंड्यातही असू शकतात. नीट शिजवूनच खा.

शिजवायला काहीच कष्ट नाहीत. उकळत्या पाण्यात चार मिनिटांत बलक घट्ट होतो. खरा प्रश्न फोडण्याचा. टरफल नाजूक, पण आतला पापुद्रा चिवट. वाटीच्या काठावर आपटलं तर टरफलाचा चुरा होतो, पापुद्रा तसाच राहतो आणि कपच्या अंड्यात जातात. त्यापेक्षा छोट्या सुरीच्या टोकाने बोथट बाजूची टोपी उडवा. उकडलेली सोलायची असतील तर झाकणाच्या डब्यात थोडं पाणी घालून ती हलकेच हलवा. टरफलं तडकतात, मग पापुद्र्यासकट पट्टीसारखी सुटून येतात. कांदा-टोमॅटोच्या रश्शात ही अंडी अख्खीच छान लागतात. फिलिपिन्समध्ये रस्त्यावरच्या गाड्यांवर उकडलेली अंडी नारिंगी पिठात बुडवून तळतात, अगदी आपल्या भज्यांसारखी, आणि लोक ती व्हिनेगरबरोबर उभ्याउभ्या खातात. जपानमध्ये तर ती शाळेच्या जेवणातही असतात.

जपानचं नाव निघालं म्हणून एक गोष्ट आवर्जून सांगते. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथल्या फुकुओका प्रांतात पहिलीतल्या एका मुलाच्या घशात शाळेच्या जेवणातलं अख्खं उकडलेलं अंडं अडकलं आणि ते मूल गेलं. अंडं गोल, गुळगुळीत, बरोबर श्वासाची वाट बुजवेल एवढ्या आकाराचं. डब्यात दोन अंडी द्यायची कल्पना आईला सोपी वाटते, मुलांनाही ती आवडतात, आणि द्यायला काहीच हरकत नाही. फक्त लहान मुलांना ती कधीही अख्खी देऊ नका. उभी चिरून चार फोडी करा, मूल बसून आणि चावून खातंय ना तिकडे लक्ष ठेवा, आणि शाळेत डबा जात असेल तर फोडी घरूनच करून पाठवा. नमस्कार.