काटकसरीने घडवलेली स्प्राइट

श्रोतेहो, नमस्कार. आज बोलायचंय एका चिमुकल्या ब्रिटिश मोटारीबद्दल. तिचं नाव ऑस्टिन-हीली स्प्राइट.

1950च्या दशकात इंग्लंडमध्ये स्पोर्ट्स कारना तोटा नव्हता; पण बेताच्या पगारातल्या तरुणाला त्या परवडायच्या नाहीत. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन या मोटार कंपनीचे प्रमुख लिओनार्ड लॉर्ड आणि स्पोर्ट्स कार घडवणारे डोनाल्ड हीली यांनी मनावर घेतलं, की दोघांपुरती, उघड्या टपाची आणि खरोखर स्वस्त गाडी काढायची. मग घरातलंच, म्हणजे कॉर्पोरेशनच्या साध्या गाड्यांचं सामान कामाला लावलं. इंजिन ऑस्टिन ए35चं, 948 सीसीचं. त्याला दोन कार्ब्युरेटर जोडून ताकद 43 अश्वशक्तीवर नेली. स्टिअरिंग मॉरिस मायनरचं.

आता जरा तिच्या जवळ जाऊ. दाराला बाहेरून हँडलच नाही! वर-खाली होणाऱ्या काचाही नाहीत. दारावरून हात आत घालायचा आणि आतली कडी ओढायची. काच नसल्यामुळे दार आतून पोकळ, त्यामुळे तिथे भलामोठा खिसा मिळाला. मागे डिकीचं झाकण नाही, कारण मागचा सांगाडा मजबूत राहायला हवा होता. बॅग ठेवायची तर सीट पुढे पाडून आत वाकायचं. पुढचं बॉनेट मात्र मडगार्ड आणि दिव्यांसकट अख्खं वर उचलतं. जड आहे, पण इंजिनाचा कोपरान् कोपरा हाताशी येतो.

आणि ते दिवे! डिझायनर गेरी कोकर यांच्या मूळ आराखड्यात ते बॉनेटवर आडवे पडून राहणार होते आणि लागतील तेव्हाच उभे होणार होते. ती यंत्रणा महाग पडत होती, म्हणून दिवे कायमचे उभे बसवले. लोक तिला ‘फ्रॉगआय’, म्हणजे बेडूकडोळी, म्हणू लागले. माझ्या मते तो वाचवलेला पैसाच या गाडीचं सर्वात मोठं भाग्य ठरला. असा बोलका चेहरा मुद्दाम ठरवून काढता आला नसता.

मे 1958मध्ये मोंटे कार्लोला तिचं अनावरण झालं. बॉडी स्विंडनला जोडली जायची, रंग काउलीला लागायचा आणि गाडी पुरी व्हायची कॉर्पोरेशनच्याच एमजी ब्रँडच्या ॲबिंग्डनमधल्या कारखान्यात. 1961पर्यंत जवळपास 49 हजार गाड्या तयार झाल्या. त्यानंतरच्या स्प्राइटला डिकीचं झाकण आलं, दिवेही कडेला गेले. सोय वाढली, यात शंका नाही. मला मात्र पहिलीच प्रिय आहे. 1961मध्येच आलेली नव्या स्प्राइटची जुळी बहीण, एमजी मिजेट, ॲबिंग्डनमध्ये 1979पर्यंत बनत राहिली.